शिडीचं अक्षर

दगा बागूलच्या आधी त्याच्या आईची तीन मुलं गेली. चौथं तरी जगावं म्हणून तिने त्याला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवलं, सुपात घालून शेजारणीला पसाभर कोंड्यावर विकलं, पुन्हा विकत घेतलं आणि नाव ठेवलं दगा. म्हणजे दगड. दगडाला यम हात लावत नाही, त्याची कंबर लचकते. खानदेशात असल्या नावांची माणसं गावोगाव सापडतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. यम फसला, दगा जगला, आणि एकोणिसाव्या वर्षी पोटापाण्यासाठी सुरतेला आला. एवढंच की हद्दीवरचं नवापूर स्टेशन ओलांडून गुजरातेत शिरलं की दगडाचा विश्वासघात होतो, हे त्याच्या आईला कुणी सांगितलं नव्हतं.

गुजरातीत दगो, हिंदीत दगा. पुस्तकी मराठीतही तोच अर्थ, पण खानदेशात कानाला दगडच ऐकू येतो. सुरतेत पहिल्या आठवड्यात त्याला तीन खोल्या नाकारल्या गेल्या. एका घरमालकाने तर नाव ऐकून उघडलेलं कुलूप परत लावलं आणि ओढून पाहिलं. चौकीत एकदा हवालदाराने विचारलं, "नाम?"

"दगा."

"वो तो मालूम है. नाम बोल."

ही गोष्ट दगा स्वतःच सांगायचा, आणि हवालदाराचा आवाज काढून सांगायचा. लोक हसायच्या आत आपणच हसून घ्यावं, ही युक्ती त्याला फार लवकर साधली होती.

बमरोलीच्या एका छपाईच्या मिलमध्ये तो ट्रेसर म्हणून लागला. तेव्हा साडीवरचं डिझाइन हाताने उतरवत. काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाइट, काचेवर कागदावरचं डिझाइन, त्यावर पारदर्शक फिल्म, आणि फिल्मवर काळ्या शाईने बारीक ब्रश चालवायचा. एका रंगाची एक फिल्म. सहा रंगांचं डिझाइन असलं तर तेच फूल सहा वेळा काढायचं, आणि सहाही वेळा पाकळी केसाच्या अंतरानेसुद्धा हलता कामा नये. दगाचा हात असा होता की तो शिंकला तरी ब्रश शिंकत नसे. हे मी नाही म्हणत, त्याच्यासोबत काम केलेले म्हणतात, आणि त्यातले निम्मे त्याच्यावर जळायचे.

त्या मिलच्या म्हाताऱ्या शेठने एक रीत पाडली होती. कापडाच्या कडेला बोटभर पांढरी पट्टी सुटते. तिच्यावर डिझाइनचा नंबर छापायचा, जितके रंग तितके ठिपके छापायचे आणि शेवटी इंग्रजीत ट्रेसरचं नाव. शाबासकी म्हणून नव्हे. पाकळी सरकलेली निघाली तर शिव्या कुणाला घालायच्या ते कळावं म्हणून. रघुनाथ नावाचा एक ट्रेसर होता. त्याच्या हाताला इतकी थरथर की त्याचे मोर लांडोरीसारखे दिसत. त्याचंही नाव कलकत्त्यापर्यंत जाऊन आलं. दगाचं पहिलं डिझाइन तयार झालं तेव्हा म्हाताऱ्या शेठने नाव विचारलं, ऐकलं आणि हातातला पेन खाली ठेवला.

"कपड़े पे दगा छापूँगा? व्यापारी माल खोलने से पहले वापस भेजेगा. बीजुं कोई नाम नथी?"

दुसरं नाव नव्हतं. मग त्याच्या नावाच्या जागी एक काळा ठिपका ठरला. सहा रंगांच्या कापडावर सात ठिपके दिसले की समजावं, हे दगाचं काम. एकतीस वर्षं, चार हजारांवर डिझाइनं. त्याच्या बायकोला, अनुसयाबाईला, तो बाजारात जाताना दाखवायचा, "ती देख, ती निळी साडी. मनी शे."

"कोठे लिखेल शे?" ती विचारायची.

"ठिपका शे ना काठवर."

"ठिपका त म्हशीले बी ऱ्हास," असं म्हणून ती पुढे चालायला लागायची.

तिच्या बोलण्यात विष नव्हतं, पण ते दगाच्या अंगात राहिलं. एकदा तरी आपलं नाव पट्टीवर यावं. नुसती दोन अक्षरं. ही एवढी एक गोष्ट त्याला आयुष्याकडून हवी होती, आणि तो ती इतकी हसत हसत बोलून दाखवायचा की लोकांना ती थट्टाच वाटायची.

पुढे कॉम्प्युटर आले. जिथे तीस ट्रेसर ओणवे बसायचे तिथे दोन पोरं आणि एक एसी बसला. म्हातारे शेठ वारले, त्यांचे चिरंजीव धर्मेंद्रशेठ आले. धर्मेंद्रशेठ मनाचे वाईट नव्हते. त्यांनी दगाला काढलं नाही. खाकी शर्ट दिला, शिट्टी दिली आणि मागच्या फाटकावर स्टूल दिलं. चार हजार डिझाइनांचा हात आता टेम्पो मागे घेताना "आने दो, आने दो" करू लागला.

घरी, डिंडोलीत, अनुसयाबाईने हातात कटर घेतला. कटर म्हणजे चिमट्याएवढी कातर. साड्यांवर भरतकाम झालं की उलट्या बाजूला धाग्यांची टोकं लोंबतात, ती कापायची. या कामाला सगळी सुरत 'धागा कटिंग' म्हणते, आणि डिंडोलीत दर दुसऱ्या ओट्यावर बाया त्याचे गठ्ठे घेऊन बसलेल्या असतात. गठ्ठ्यावर इंग्रजीत चिठ्ठी असते. अनुसयाबाई कोणत्याच भाषेत शाळेला गेलेली नव्हती, पण चिठ्ठ्या ती बरोबर ओळखायची. पहिलं अक्षर भिंतीला टेकून पाय पसरून बसलेल्या बाईसारखं असलं, तर तो गठ्ठा लेस लावायचा. दुसरं अक्षर शिडीसारखं असलं, दोन खांब आणि मध्ये एक पायरी, तर तो गठ्ठा धाग्याचा. एकदा गठ्ठे पुरवणाऱ्या ठेकेदाराच्याच माणसाने चिठ्ठ्या उलटसुलट लावल्या होत्या, तर हिने त्याला चारचौघींत थांबवलं. "ए भाऊ, हाई शिडी इकडची शे. तिकडे बाई बठाड." त्या दिवसापासून ठेकेदार चिठ्ठ्या तिच्याकडून तपासून घ्यायचा. अशी ती.

तर मागचं फाटक. तिथे बॉयलरच्या भिंतीला लागून एक आंब्याचं झाड आहे. बमरोलीत शेतं होती तेव्हाचं. त्याला कैरी लागत नाही. एकदा एक लागली होती. बॉयलरवरचा छगन सांगतो की त्याने ती चाखली, तर दोन दिवस जीभ मोरपंखी होती. छगनच्या जिभेवर किती विश्वास ठेवायचा ते तुम्ही ठरवा. पण खोडाची गोष्ट खरी, कारण ते खोड अर्ध्या मिलने पाहिलं आहे. बॉयलरच्या नळीला दोन पुरुष उंचीवर एक चीर होती. दुरुस्त करू, दुरुस्त करू म्हणता म्हणता म्हाताऱ्या शेठचं वर्षश्राद्धसुद्धा उरकलं. त्या चिरेतून बारा महिने, चोवीस तास वाफ निघायची, खोडावर बसायची आणि पाणी होऊन ओघळायची. त्यामुळे खोडावर बारमाही शेवाळ. मे महिन्यात, जेव्हा बमरोलीत रस्त्याचं डांबर चपलेला चिकटून घरी येतं, तेव्हासुद्धा या खोडावर श्रावण.

दगा स्टुलावर बसून ते खोड बघायचा. पहिलं वर्ष नुसतं बघितलं. दुसऱ्या वर्षी त्याला त्यात रंग मोजता यायला लागले. पोपटी, मेंदी, कच्च्या कैरीचा, गवती, जुन्या तांब्याच्या कळकाचा, आणि भेगांच्या आत जवळजवळ काळा. सहा. सहा फिल्म. खडबडीत सालीच्या कडांवर शेवाळ मखमलीसारखं उभं राहिलेलं आणि भेगांत बसून गेलेलं, जणू कुणीतरी ब्रश टेकवून, थांबून, उचलला आहे. बसल्या बसल्या त्याचा अंगठा तर्जनीवर फिरायला लागायचा.

पुढे चार-पाच वर्षांनी मुलाने नवा मोबाइल घेतला आणि जुना याला दिला. काचेला कोपऱ्यात तडा, पण कॅमेरा शाबूत. दगाने पहिला फोटो भर दुपारी काढला. त्यात झाड नव्हतंच, हिरवा चिखल होता. दुसऱ्या दिवशी त्याने सावली धरली आणि त्याच्या लक्षात आलं की खडबडीतपणा उजेडात नसतो, तिरप्या उजेडाच्या सावलीत असतो. सकाळी सात वाजून गेल्यावर दोन शेडच्या मधल्या फटीतून ऊन आडवं येतं आणि पाव तासात निघून जातं. तेवढा पाव तास. त्याआधी तांब्याभर पाणी खोडावर हळूहळू सोडायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. पाणी प्यालं की शेवाळ फुगतं, एकेक काडी उभी राहते. फुंकर घालायची नाही, बोट लावायचं नाही. आणि खोड गोल असतं, त्यामुळे फोटोत मधला भाग स्पष्ट येतो नि कडा पळून जातात. म्हणून लांबून एक फोटो घ्यायचा नाही. वीतभर जवळ जायचं, मोबाइल सालीला समांतर धरायचा, श्वास रोखायचा, टिपायचं. चार बोटं सरकायचं, पुन्हा टिपायचं. एकतीस वर्षांत शिंकेलाही न हललेला हात इथे कामाला आला.

"दगा भो," छगन बॉयलरजवळून ओरडायचा, "झाडनं आधार कार्ड काढी ऱ्हायना का?"

"हां. तुनं बी काढी देस. तुनाबी तोंडवर शेवाळ शे."

दीड वर्ष असं चाललं. मोबाइलमध्ये नातवाचे फोटो अकरा आणि खोडाचे नऊ हजार. सून म्हणाली, मामंजींना काहीतरी झालंय. झालं असेल. कारण दीड वर्षाने त्याला जे सापडलं ते शहाण्या माणसाला सापडणारं नव्हतं.

साडीचं डिझाइन म्हणजे फरशी. एक चौकोन काढायचा आणि तोच शेजारी शेजारी लावत जायचा. चौकोनाची डावी कड उजवीला आणि वरची खालचीला अशी मिळाली पाहिजे की सांधा दिसू नये. याला रिपीट म्हणतात. माणूस रिपीट जुळवून काढतो, त्यासाठी पाकळ्या वाकवतो, वेली ओढूनताणून आणतो. झाडाला असली काही गरज नाही. पण त्या खोडाच्या पूर्वेच्या अंगाला, माणसाच्या छातीच्या उंचीवर, वीतभर लांब वीतभर रुंद असा एक तुकडा होता, की त्याची डावी कड उजवीला आणि वरची खालचीला आपोआप मिळत होती. झाडाने स्वतःची रिपीट काढून ठेवली होती. दगाने फोटोच्या छापील प्रती काढून त्या सतरा वेळा बाजूबाजूला ठेवून पाहिल्या. सांधा सापडला नाही. मग तो स्टुलावर बसला आणि त्याने एक आख्खा टेम्पो शिट्टी न वाजवता आत जाऊ दिला.

वर एसीत बसणाऱ्या दोन पोरांपैकी एक योगेश, दगाच्या चुलतभावाचा मुलगा. लहानपणी दगाच्याच मांडीवर बसून त्याने पहिला ब्रश धरला होता. दगा जिना चढून गेला आणि दाराशी चपला काढून उभा राहिला.

"काका, आत या. चपला राहू द्या, इथे कुणी काढत नाही."

"हाऊ फोटो टाक तुना डबामा."

योगेशने फोटो कॉम्प्युटरवर घेतला. झाडाचं खोड पाहून हसला. चौकोन कापला, रिपीट लावली आणि सांधा पुसायला माउस हातात घेतला. सांधा नव्हता. त्याने मोठं करून पाहिलं. मग आणखी मोठं. पडदाभर शेवाळ पसरलं, एसीच्या खोलीला ओल सुटल्यासारखं वाटलं.

"काका, हे कुणी जुळवून दिलं तुम्हाला?"

"झाडनी."

"खरं सांगा."

"तुनी आईनी आन. झाडनी."

धर्मेंद्रशेठ आले, पाहिलं, आणि चुन्याची डबी उघडायची विसरले. "आ शुं छे? कोणे बनाव्युं?" योगेशने काकाकडे बोट दाखवलं. शेठने खाकी शर्टाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा शर्टाकडे. दहा मीटरचा नमुना त्याच दुपारी छापला गेला. जॉर्जेटवर तो असा उतरला की लोक बोट लावून पाहत आणि बोट ओलं झालं का ते तपासत.

"काका, बोलो, क्या चाहिए?" शेठनी विचारलं.

दगाने हे वाक्य चाळीस वर्षं पाठ केलं होतं. "पट्टी पे नाम, शेठ. दगा. दो अक्षर."

धर्मेंद्रशेठनी छातीवर हात ठेवला. "हर मीटर पे जाएगा. मेरा वचन."

घरी जाऊन त्याने अनुसयाबाईला सांगितलं. ती गठ्ठ्यावर वाकली होती. तिने मान वर केली नाही, पण कटर थांबला.

"नाव? ठिपका नही?"

"नाव."

"आनशात तवय देखसू," ती म्हणाली. पण त्या संध्याकाळी तिने भरीत केलं, आणि वांगी त्या दिवसांत महाग होती.

डिझाइन छपाईला गेलं. छपाईच्या खोलीत आता अंगठा लावल्याशिवाय दार उघडत नाही आणि मागच्या फाटकाच्या माणसाचा अंगठा त्या यंत्रात घातलेला नाही. त्यामुळे त्या नमुन्यानंतर दगाने आपलं डिझाइन कापडावर पाहिलं ते दुरून, टेम्पोत चढताना, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. पंधरा दिवसांत ते असं चाललं की टेम्पोवाले त्याला नावाने ओळखायला लागले. 'शेवाळवाली' म्हणायचे. बाजारात साड्या दाराबाहेरच्या पुतळ्यांना नेसवल्या. सगळ्या सुरतेत वाफ न लागता शेवाळ पसरलं. दगा प्रत्येक टेम्पोला हात दाखवायचा तो असा, जणू वरातीला वाट करून देतोय. प्रत्येक मीटरवर आपलं नाव बसलंय आणि ते आता कलकत्त्याला निघालंय, या हिशेबाने.

विसाव्या दिवशी तो वर गेला. "योगेश, एक तुकडा दे. पट्टीसकट. तुनी काकूले दाखाडनं शे."

योगेशने तुकडा दिला नाही लगेच. आधी चहा मागवला. तिथेच दगाला समजायला हवं होतं. मग टेबलाच्या खणातून वीतभर कापड काढून त्याने दगाच्या हातात ठेवलं आणि स्वतः पडद्याकडे बघत बसला.

पट्टीवर नंबर होता, सहा ठिपके होते, सातवा नव्हता. आणि पुढे इंग्रजीत ठसठशीत पाच अक्षरं. दगाला इंग्रजी वाचता येत नव्हतं असं नाही. हात सरळ म्हणून एकतीस वर्षं पट्ट्यांवर दुसऱ्यांची नावंसुद्धा त्यानेच तर काढली होती. त्याने अक्षरं मोजली. डी. एच. ए. जी. ए.

"हाई काय शे?"

"काका, ऐकून घ्या. मी टाइप केलं होतं बरोबर. चार अक्षरं. शेठ म्हणाले..."

शेठ नेमके तेव्हाच आत आले आणि त्यांचा चेहरा असा फुलला की दगालाच अपराधी वाटावं. "काका! देखा? नाम आ गया ना! सिर्फ एक एच डाला, वो मेरी तरफ से. दगा लिखता तो माल कौन उठाता? अब सुनो, धागा. धागा! कितना मीठा है. व्यापारी पूछते हैं, ये धागा किस का ब्रांड है? पूरा कैटलॉग अब इसी नाम से आएगा."

दुसरं पोर हसलं. योगेश थोडं कमी हसला. "काका, एका एचने काय होतंय? बोलायला तर जवळजवळ तेच आहे."

जवळजवळ. सुरतेत धागा हा शब्द कुठे नाही? रस्त्याच्या पाटीवर आहे, गोदामाच्या दारावर आहे, रिक्षाच्या मागे आहे, लोकांच्या फुप्फुसांत आहे. त्या शब्दामागे एक माणूस असेल, त्याला एक आई असेल आणि तिने त्याला सुपात घालून विकलं असेल, असं कुणाच्या मनात जन्मात येणार नाही. काळ्या ठिपक्याकडे बघून निदान कुणीतरी विचारायचं, हा जास्तीचा कुणाचा? धागा वाचून कुणी काही विचारत नाही.

दगा हसला. सगळे हसताना आपण आधी हसायचं, हात आपोआप चालतो तसं. "अच्छा है, शेठ," तो म्हणाला. "मीठा है."

मग दुसरा त्रास सुरू झाला. सुरतेत डिझाइन चाललं की आठ दिवसांत त्याची नक्कल निघते. पण या डिझाइनची नक्कल जमेना. नकलेत सांधा दिसायचा, शेवाळ गालिच्यासारखं दिसायचं. मग कुठून तरी बातमी फुटली की हे चित्र नाही, बमरोलीतलं झाड आहे. छगनच्या जिभेवाटे फुटली असावी. भिंतीपलीकडून मोबाइल वर यायला लागले. एकजण तर वाफेच्या नळीपर्यंत चढला आणि पार्श्वभाग भाजून उतरला. धर्मेंद्रशेठ मागच्या फाटकाशी आले, खोडाकडे पाहिलं.

"काका, अपने पास तो फोटो आ गया. अब ये किस काम का? साफ कर दो. ब्रश मारो, ऊपर से चूना-गेरू. और छगन, वो नली आज बंद करवाओ."

त्यांनी 'करवा दो' म्हटलं नाही, 'कर दो' म्हटलं. हे दगाने ऐकलं.

तारेचा ब्रश छगनने आणून दिला, बॉयलरचा गंज काढायचा. "भो," तो हळूच म्हणाला, "दगासंगे दगा झाया." हा विनोद चाळीस वर्षं कुणाच्या तरी तोंडात यायचाच होता, तो शेवटी छगनच्या तोंडी आला. आयुष्यात पहिल्यांदा दगा आपल्या नावावरच्या विनोदावर हसला नाही.

त्याने खरवडायला सुरुवात केली. त्याला वाटलं होतं हात चालणार नाही. हात चालला. हातच तो, सांगितलं ते करणारा. शेवाळ ओलं होतं, लचक्याने सुटून त्याच्या पायावर पडायचं. खाली साल निघायची, राखाडी, साधी, कुठल्याही आंब्याची असते तशी. त्याने आधी पश्चिम बाजू केली, मग मागची, मग बुंधा. पूर्वेच्या अंगाची ती वीतभर जागा शेवटपर्यंत राहिली. शेठनी चुना मारायला सांगितला होता. एवढी वीतभर जागा हिरवी ठेवली असती तर कुणाला कळलं नसतं. निदान खोडातली ओल असेतोवर ती राहिली असती. दगाने ब्रश तिथे टेकवला, थांबला, उचलला. पुन्हा टेकवला. कुणी विचारलं असतं, तर त्यालाही सांगता आलं नसतं तो का असा पेटला ते. जिथे माझं नाव नाही तिथे तुझी तरी कशाला खूण, असं काहीतरी. त्याने ती जागा सांगितल्यापेक्षा जास्त खरवडली. साल फुटून आतलं पिवळं दिसेतो, डिंक यायला लागेतो. मग वरून चुना मारला आणि खाली गेरूचा पट्टा ओढला. पट्टा एका हातात, सरळ, सुतासारखा.

"वाह," धर्मेंद्रशेठ म्हणाले, "काका का हाथ अभी भी वैसा ही है." आणि खूश होऊन त्यांनी एक आख्खी साडी दिली. नवी कोरी, पट्टीसकट.

दगा डिंडोलीला पोचला तेव्हा ओट्यावर अजून ऊन होतं. अनुसयाबाई गठ्ठा सोडून बसली होती, चिठ्ठी मांडीखाली दाबून. त्याने साडी तिच्या पुढ्यात ठेवली. तिने आधी कटर खाली ठेवला, मग पदराला हात पुसले, मग साडीची घडी उघडली. शेवाळावर तळवा ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

"ओली वाटस," ती म्हणाली.

"वाटस. शे नही."

"नाव कोठे शे?"

वाटेत, रिक्षात, त्याने ठरवून टाकलं होतं. तिला वाचता येत नाही. पट्टीवर अक्षरं आहेत. एवढं पुरे. त्याने पट्टी उलगडली आणि अक्षरांवर बोट ठेवलं. नखात हिरवं भरलेलं होतं. "हाई देख. हाई मनं नाव. दगा."

"बोट काढा ना."

त्याने बोट काढलं. ती वाकली. सूत तपासताना डोळे बारीक करायची तशी बारीक करून तिने पट्टी उजेडात धरली. एक वेळ पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग मांडीखालची चिठ्ठी काढली आणि पट्टीच्या शेजारी लावली. कडेला कड.

"तुमना नावमा शिडी कोठून उनी?"

दगा नेहमीसारखा हसायला गेला.

"शेठनी दिधी," तो म्हणाला. "वर चढाले."

अनुसयाबाई हसली नाही. तिने पट्टी दुमडून आत घातली, साडीची घडी होती तशी केली आणि बाजूला, भिंतीशी, लेसच्या गठ्ठ्यावर ठेवली.

"काल चार गठ्ठा उनात," ती म्हणाली. "समदासवर तुमनंच नाव व्हतं. माले काय मालूम."

तिने कटर उचलला, एक भरलेली साडी उलटी करून मांडीवर घेतली आणि पहिलं टोक चिमटीत धरलं.

"हात धुई ल्या, वाढी ल्या. माले आजून येळ शे. हाई तुमनं नाव कापनं शे अंधार व्हवाना आधी."